पडद्यावरच्या आया आणि एक काकू

काउलून, हाँगकाँग, ५ ऑक्टोबर १९६८
मध्य-शरद सणाचा आदला दिवस

काकू,

आधी सोऊ मास्तरांना नमस्कार. हे पत्र तुझ्याआधी त्यांच्या हातात पडणार, तेव्हा मान त्यांचा पहिला. मास्तर, देवळाच्या पायरीवर बसून तुम्ही अख्ख्या ताइपा बेटाला पत्रं वाचून दाखवता, असं बोटीवरच्या लोकांकडून ऐकलंय. एकच विनंती आहे. काकू मध्येच "पुरे, कळलं" म्हणाली तरी थांबू नका. तिला जगातली प्रत्येक गोष्ट अर्ध्यावरच कळते.

काकू, सणाचे केक पाठवलेत. गेल्या वर्षीचे परत आले होते, खोक्याची दोरीसुद्धा सुटली नव्हती. मी स्वतः आले तेव्हा तर तू फटाक्यांच्या कारखान्याच्या मागच्या दाराने निघून गेलीस. तुझ्या शेजारी बसून वाती वळणाऱ्या सगळ्या बायकांनी माझ्या सह्या घेतल्या, तू तेवढी राहिलीस. यंदाच्या केकमध्ये खारवलेल्या अंड्याचे दोन-दोन बलक आहेत. परत पाठवायला जिवावर येईल तुझ्या.

पत्राचं कारण वेगळंच आहे. मेई-ताईने टीव्ही घेतला. (मास्तर, मेई-ताई म्हणजे ती नटी, जिने चित्रपटांत माझ्या आईची कामं केली. काकू मकावला, तुमच्या ताइपा बेटावर, निघून गेली तेव्हा मला तिच्याकडेच ठेवून गेली. मी अजून तिथेच राहते.) दुपारच्या वेळी टीव्हीवर जुने काळे-पांढरे चित्रपट दाखवतात. काल आमचाच लागला. तापाने फणफणलेली आई पोरीला ओळखत नाही, पोर औषधाची वाटी खाली ठेवते आणि एकदाच हाक मारते, "आई." तोच तो. त्या एका हाकेवर मी पडद्यावरची 'लान-लान' झाले, नाहीतर तू धुवायचीस तसे आज कुणाचे तरी कपडे धूत असते.

मेई-ताई सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. मध्येच थांबून म्हणाली, "काय गं, इथे तू माझ्याकडे बघत नाहीयेस. मी त्या दिवशी नव्हतेच."

खरंच ती नव्हती. तिचं त्याच दिवशी दुसऱ्या स्टुडिओत काम होतं. फोक दिग्दर्शकांना थांबायला वेळ नव्हता, आठवड्यात चित्रपट संपवायचा होता. म्हणून स्टुडिओचे पोशाख धूत बसलेल्या तुला त्यांनी टबावरून उठवून खाटेवर बसवलं. कॅमेरा माझ्यावर होता. मला नजर लावायला समोर कुणीतरी हवं होतं, एवढंच. म्हणजे जिच्याकडे बघून मी जन्मात एकदाच "आई" म्हटलं ती माझी सख्खी आई होती, आणि ते कॅमेऱ्याला कळलंच नाही.

काल रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमतोय. तेव्हा तुझा चेहरा कसा होता? माझा चेहरा सगळ्या हाँगकाँगने पाहिला. तुझा फक्त मी पाहिला, आणि मलाच नीट आठवत नाही. तुझ्या निळ्या सदऱ्याची कापडी गुंडी आठवते, हाताचा साबणाचा वास आठवतो. चेहरा आठवायला गेलं की फक्त एवढंच वाटतं की तू रागावली होतीस. आणि महिन्याभरात तू गेलीस, तेव्हा रागावलीच असशील असं मी धरून चालले.

रागावली होतीस का? एवढंच सांग. एका शब्दाचं उत्तर आहे, मास्तर त्याचे पैसेही घेणार नाहीत.

तुझी किट-लान


काउलून, २७ ऑक्टोबर १९६८

काकू,

केक परत आले नाहीत. उत्तरही आलं नाही. मास्तर, केक तुम्ही खाल्ले असतील तर निदान तेवढं तरी कळवा.

उत्तर नाही म्हणून प्रश्न मिटला असं समजू नकोस. माझा स्वभाव तुला माहीत आहे. लहानपणी घड्याळ उघडून पाहिलं म्हणून तूच माझ्या हातावर चमचा मारला होतास. एक प्रश्न उघडला की त्यातून दहा निघतात. म्हणून मी पार मागे गेले, पहिल्या दिवसापर्यंत.

डायमंड हिलचा तो पत्र्याचा स्टुडिओ. तू मागच्या अंगणात पोशाख धुवायचीस. तलवारबाजीचं शूटिंग असलं की टबातलं पाणी खोट्या रक्ताने लाल व्हायचं, आणि मी त्यात कागदाच्या होड्या सोडायचे. त्या दिवशी काम करणाऱ्या मुलीला गोवर आला. फोक दिग्दर्शक बाहेर येऊन ओरडले, "एखादं पोर आणा रे कुठून तरी, रडकं असलं तरी चालेल." त्यांची नजर माझ्यावर पडली. "ही कुणाची?"

तू म्हणालीस, "माझ्या जावेची."

आपल्या घरात हे असंच होतं. मी उंदराच्या वर्षी जन्मले, तू घोड्याच्या, आणि या दोन वर्षांचं एकमेकांशी वैर. ज्योतिषाने सांगितलं की हिचं नशीब आईबापाच्या नशिबावर उठतं, तेव्हा हिने तुम्हाला काका-काकू म्हणावं, म्हणजे नशीब फसेल. आपल्या गल्लीत अशी आणखी दोन-तीन मुलं होती, त्यात नवल नव्हतं. बाबा मात्र हसायचे. तुझी पाठ फिरली की मला "बाबा" म्हणायला लावायचे आणि खिशातून मिठातला सुका आलुबुखार काढून द्यायचे. मग धक्क्यावर क्रेनचा दोर तुटला आणि बाबा माझ्या डोळ्यांदेखत गेले. त्यानंतर हाकेत तू मला कधी चुकूनसुद्धा चुकू दिलं नाहीस.

तर फोक दिग्दर्शकांनी मला मेई-ताईसमोर उभं केलं. "हिच्याकडे पळत जायचं आणि 'आई' म्हणायचं. एवढंच."

मी विचारलं, "कुणाला?"

"अगं, हिला."

"पण ही माझी कोण?"

सगळे हसले. मेई-ताई उकिडवी बसली आणि म्हणाली, "आत्तापुरती आई. दुपारच्या जेवणापर्यंत. जमेल?"

जमेना. पळत जायचे, तोंड उघडायचे आणि "का..." बाहेर पडायचं. फिल्म वाया जायला लागली तसा निर्माता छातीला हात लावून खुर्चीत बसला. शेवटी फोक दिग्दर्शक वैतागले. "घरी आईला काय म्हणतेस?"

मी तुझ्याकडे बोट दाखवलं. "काकू." पुन्हा हशा. तू टबात वाकून काहीतरी पिळत राहिलीस.

शूटिंग दुसऱ्या दिवशीवर ढकललं. संध्याकाळी मी आपल्या मजल्यावरच्या सामाईक संडासापाशी जाऊन बसले. शेजारचा तो जाडा मुलगा रोज आतून बोंबलायचा, "आई, झालं." मी नीट ऐकून घेतलं. सुरुवातीला आवाज वर, मग खाली, आणि शेवटी खात्री की ती येणारच. दुसऱ्या दिवशी मी त्याच चालीत हाक मारली. फोक दिग्दर्शकांनी मला उचलून घेतलं आणि म्हणाले, "ही कुठे शिकलीस?" मी सांगितलं नाही. वर्तमानपत्रांनी पुढे माझ्या उपजत प्रतिभेवर रकाने भरले, त्यात संडासाचा उल्लेख कुठेही नाही.

मग आयांची रांग लागली. एका आईला कापराचा वास यायचा, एकीला सिगारेटचा. एक मला पोटाशी धरायची आणि कॅमेरा थांबला की कोपराने बाजूला सारायची, साडेतीन चमचे पावडर लावलेला गाल पुसला जाऊ नये म्हणून. मला सगळ्या आवडायच्या. प्रत्येकीला "आई" म्हटलं की ती कशी वळते ते बघायचा मला नादच लागला. काही आधी डोळ्यांनी वळतात, काही खांद्यांनी. तोच माझा अभ्यास, बाकी अभिनय मला कुणी शिकवला नाही.

आणि तू? ध्वनीवाला "शांतता" म्हणाला की तू दाराबाहेर. मी आतून बघायचे. नूडलवाल्याच्या गाडीपाशी, आमच्याकडे पाठ करून. शॉट संपला की आत यायचीस, माझे केस विंचरायचीस, हाताला धरून घरी न्यायचीस. पण ती हाक मी मारत असताना तू आत राहिल्याचं त्या खाटेवरच्या शॉटखेरीज एकदाही आठवत नाही.

मला वाटायचं, माझं काम तुला आवडत नाही. नंतर वाटायला लागलं, तुला राग येतो. का जायचीस बाहेर?

किट-लान


काउलून, १७ नोव्हेंबर १९६८

काकू,

तू बोलत नाहीस, म्हणून मी मेई-ताईला धरलं. तिला बोलतं करायला काही लागत नाही, फक्त माजाँगच्या डावात जिंकू द्यावं लागतं. मी हरत गेले आणि विचारत गेले.

"मी 'आई' म्हणायचे तेव्हा काकू बाहेर का जायची?"

ती सोंगट्या रचत म्हणाली, "ऐकायला नको म्हणून."

"म्हणजे?"

"अगं, हाक जिच्या कानात पडते तिला लागू होते. तुझी काकू म्हणायची, पोरीने मारलेली हाक माझ्या कानावर पडली तर देवाला काय कळणार ती कुणासाठी होती. म्हणून ती बाहेर. कानाआड." मग हसली. "आणि आम्ही आत. आम्हाला लागू झाली तर झाली."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"तुला ठाऊक नाही?" तिने सोंगटी खाली ठेवली. "लाल पाकीट द्यायची ना ती. प्रत्येकीला."

काकू, चित्रपटात कुणी प्रेताचं काम केलं, शवपेटीत झोपलं, की कंपनी त्याला पैसे घातलेलं लाल पाकीट देते, अपशकुन धुऊन जावा म्हणून. हे मला पाठ आहे, मी स्वतः दोनदा मेलेय. पण जिला मी "आई" म्हटलं त्या प्रत्येक बाईला तू संध्याकाळी गाठायचीस, दोन्ही हातांनी लाल पाकीट द्यायचीस आणि बरोबर लाल रंगवलेलं उकडलेलं अंडं, बाळ जन्मल्यावर वाटतात तसं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या मोठ्या नट्या. स्वतःच्या मोटारीने येणाऱ्या. आणि तू, सुरकुतलेल्या ओल्या बोटांची, त्यांच्या वाटेत उभी.

"काय म्हणायची ती?"

"म्हणायची, 'बाईसाहेब, पोरीने आज तुम्हाला आई म्हटलं, हिच्यामुळे तुम्हाला काही होऊ नये.' वाकायची आणि जायची. आम्ही आधी हसलो. मग हसायचं बंद झालं, कारण ती एकीलाही चुकायची नाही. मला तर अंडी सोसत नाहीत, तरी खायचे."

फोक दिग्दर्शकांशी तू भांडायचीस, "या चित्रपटात तरी आईला जगू द्या," हेही तिने सांगितलं. ते म्हणायचे, "बाई, आई जगली तर तिकीट कोण काढणार?"

मी हसले गं. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत बसले. मला वाटायचं तू माझ्या कामाकडे पाठ करतेस. तू सगळ्या गावाच्या बायकांचं माझ्यापासून रक्षण करत होतीस.

मग मी मुख्य गोष्ट विचारली. "ती का गेली?"

मेई-ताईने सोंगट्या बाजूला सारल्या. "त्या खाटेवरच्या शॉटनंतर महिनाभराने आली माझ्याकडे. म्हणाली, 'तिने हाक मारली आणि मला ऐकू आली. आता जे यायचं ते येईल. पडायचं ते पडू दे, पण पोरीच्या डोळ्यांदेखत नको. बापाचं तिने पाहिलंय.' तुझे कपडे आणले होते घडी करून."

"आणि हे किती दिवस चालायचं?"

"ज्योतिषाने सांगितलंय म्हणे, हिला स्वतःला कुणी आई म्हणेपर्यंत. एकदा ही आई झाली की नशीब शांत. म्हणून तर तुझ्या लग्नाचं विचारत असते मी, आणि तू मला माजाँगमध्ये जिंकू देतेस."

काकू, एक सांग. संकटाची वाट बघायला फटाक्यांच्या कारखान्यात कोण जातं? की लवकर उरकावं असा विचार होता?

किट-लान


काउलून, २२ डिसेंबर १९६८
दक्षिणायनाचा शेवट, तांदळाच्या गोळ्यांचा दिवस

काकू,

मास्तरांची चिठ्ठी आली. ती इथे त्यांनाच परत वाचायला लावते: "तुमच्या काकू म्हणाल्या, पुरे, कळलं. मी थांबलो नाही. केक त्यांनी खाल्ले, एक मला दिला. हे त्यांना न विचारता लिहितो की तुमचा चित्रपट इथल्या थिएटरात लागला की त्या शेवटच्या रांगेत बसतात, मात्र ज्यात तुम्ही कुणाला आई म्हणता तो पाहत नाहीत." मास्तर, तुम्ही देवमाणूस आहात. आता ती तुमच्यावर डोळे वटारेल, तिकडे लक्ष देऊ नका.

म्हणजे तू बघतेस. मग मधली वर्षं तुला सांगायला हवीत, कारण मधल्या वर्षांत बघायला काहीच नव्हतं. तू गेलीस तेव्हा माझं चित्र बिस्किटांच्या डब्यावर होतं. दोन वर्षांत मी ताडासारखी वाढले, गुडघे बाहेर आले, आणि फोक दिग्दर्शक म्हणाले, "ही आता ना पोर ना बाई. ठेवा फडताळात." मी मेई-ताईच्या पाहुण्यांना चहा द्यायचे. रस्त्यावर बायका ओळखायच्या आणि म्हणायच्या, "ही ती? अरेरे." त्या "अरेरे"चा मी खूप विचार केला. माणसाला वाढल्याबद्दल कुणी हळहळतं का?

तेव्हा मला तू सगळ्यात जास्त हवी होतीस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मेई-ताईलाही नाही, तिला वाईट वाटलं असतं.

मग सतराव्या वर्षी विगच्या कारखान्यातल्या मुलीचं ते काम मिळालं. हातात केसांचा टोप घेऊन नाचायचं आणि मालकाला टोमणे मारायचे. मला नाच येत नव्हता. मी तुझी चादर पिळायची पद्धत घेतली, कमरेतून वळायचं आणि झटका द्यायचा. तोच नाच पोरींनी उचलला. आता कारखाने सुटल्यावर बस थांब्यावर पोरी चादर पिळतात आणि त्याला लान-लानचा नाच म्हणतात. तो तुझा आहे. शेवटच्या रांगेतून ओळखलास का?

आज सणाचं जेवण म्हणून फोक दिग्दर्शक आले होते. म्हातारे झालेत, दात नवे आहेत. तांदळाचे गोळे त्यांना चावेनात. मी विचारलं, "त्या खाटेवरच्या शॉटला तुम्ही कॅमेऱ्याशेजारी होतात. काकूचा चेहरा कसा होता?"

"चेहरा कोण बघतं, मी तुझ्याकडे बघत होतो. कान आठवतात."

"कान?"

"कापूस घातला होता तिने. रंगपटातून मागून घेतला. मी म्हटलं, बाई, कान दुखतात का? म्हणाली, हो. बसली. मी 'चालू' म्हटलं. तू वाटी खाली ठेवलीस. आणि तेवढ्यात तिने हात वर केला आणि उजव्या कानातला काढला. मला आला राग. वाटलं, बाईच्या कानाला खाज सुटायची हीच वेळ. नजर हलली असती तुझी. पण तू हलली नाहीस, म्हणून वाचलो."

ते पुन्हा गोळे चावायला लागले. त्यांना काहीच कळलं नव्हतं, आठ वर्षं खाजच समजत होते.

काकू, म्हणजे ती हाक चुकून तुझ्या कानावर पडली नाही. तू ती घेतलीस. काय होईल हे तुझ्या मते तुला ठाऊक होतं, आणि तरी तुला एकदा ऐकायचं होतं. मग त्याची शिक्षा म्हणून तू समुद्र ओलांडून गेलीस आणि मला वाटत राहिलं की मी तुला नकोशी झाले. कसली बाई आहेस तू. मला तुझा राग येतोय आणि मला आत्ता तुझ्याजवळ यायचंय.

येऊ नको म्हणशील. थांब, आणखी एक बातमी आहे. फोक दिग्दर्शकांच्या नव्या चित्रपटात मी पहिल्यांदाच आईचं काम करतेय. निर्माता म्हणाला, विशीत आई, लोकांना पटेल का? मी म्हटलं, माझी आई तर माझ्या वेळी अठराची होती. शूटिंग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे.

किट-लान


काउलून, १० फेब्रुवारी १९६९

काकू,

सविस्तर ऐक, आणि मास्तर, आज चष्मा पुसून घ्या.

मुलीचं काम करणारी पोर पाच वर्षांची आहे, नाव तिचं सुत-चू. बाप टॅक्सी चालवतो, आई सेटवर मांडीवर डबा घेऊन बसलेली असते. पोरीला बाजारात हरवायचं, मग मला बघून पळत यायचं आणि हाक मारायची. कॅमेरा तिच्यावर. माझी पाठ. म्हणजे माझा चेहरा कोणाला दिसणार नव्हता, मी वाटलं तर जीभ काढून दाखवली असती तरी चाललं असतं.

ध्वनीवाला "शांतता" म्हणाला. मी सहज दाराकडे पाहिलं. तुझ्यासारखं कुणी बाहेर चाललंय का ते. कुणी नव्हतं. तिची आई तिथेच बसून डब्यातली भाजी निवडत होती.

पोर पळत आली आणि म्हणाली, "आई."

तिने कुठून आणली ती हाक, संडासाशी बसली नसणार ती. सरळ माझ्या तोंडावर येऊन आदळली. मला शॉटमध्ये तिला कडेवर घ्यायचं होतं आणि मी दगडासारखी उभी. फोक दिग्दर्शक ओरडले, "थांबा." पोर घाबरून माझ्याकडे बघत होती.

मी खाली बसले. तुला माहीतच आहे, मला विचारल्याशिवाय राहवत नाही. "सुत-चू, आत्ता माझं तोंड कसं दिसत होतं?"

ती ओठ काढून म्हणाली, "तू माझ्यावर रागावलीस."

"मी नाही गं रागावले."

"रागावलीस. असं केलंस." आणि तिने करून दाखवलं. दात आवळलेले, भुवया एकत्र, नाक फुगलेलं. काकू, तो तुझा चेहरा होता. तोच, खाटेवरचा, जो मला आठवत नव्हता. आठ वर्षं मी त्याला राग म्हणत होते. आतून रडू फुटत असताना माणूस ते दाबतं तेव्हा बाहेरून असंच दिसतं, हे मला त्या वेळेस कळलं, कारण या वेळी मी आतल्या बाजूला होते.

पुढच्या शॉटला मी तिला बरोबर उचललं. तिने माझ्या कानात हळूच विचारलं, "आता नाही ना रागावलीस?" ते ध्वनीमुद्रणात आलंय. फोक दिग्दर्शक म्हणाले, ठेवा.

आता खरी गोष्ट. संध्याकाळी फाटकावरचा माणूस आत आला. म्हणाला, मकावच्या बोटीवरच्या आचाऱ्याने दिलंय, "आईचं काम करणाऱ्या बाईंसाठी." फडक्यात लाल पाकीट आणि लाल अंडं. अंडं वाटेत फुटलेलं, रंग पाकिटाला लागलेला. चिठ्ठी नाही, नाव नाही. फटाक्याच्या दारूचा वास मात्र होता.

मेई-ताई बघून म्हणाली, "घ्या. आता हिचीही पाळी आली." आणि तिनेच आधी डोळे पुसले. अंडं मी उभ्या उभ्या खाल्लं, टरफलाचे कण लागत होते तरी.

आणि खाता खाता माझ्या लक्षात आलं की काकू, तू सापडलीस.

बघ हं. तुझ्या हिशेबात पडद्यावरची हाक खरी असते. खरी नसती तर तू कुणाला पाकिटं वाटली नसतीस. आता पडद्यावर मला एकीने आई म्हटलं. माझे कान उघडे होते, कापूस नव्हता. आणि ती हाक लागू झाली असं तू स्वतः मानलंस, म्हणून तर हे पाकीट आलं. मग ज्योतिषाची अट काय होती? हिला कुणी आई म्हणेपर्यंत. म्हटलं. झालं. साक्षीदार तूच आहेस, पुरावा मी खाल्ला. यात खोट काढून दाखव. मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला तरी काढता येते का?

रविवारी आपल्या जुन्या पंचांगाची वर्षअखेर आहे. सगळी घरं त्या रात्री एका टेबलाशी जेवतात. मी सकाळच्या बोटीने निघतेय, बरोबर मेई-ताईने केलेला वाफवलेला कोंबडा आणि मिठातले आलुबुखार आहेत, बाबांच्या फोटोपुढे ठेवायला. ताइपाच्या होडीने जेवायच्या वेळेआधी पोहोचेन.

सगळी पत्रं मी "काकू" लिहूनच पाठवली, हेही. तो दुसरा शब्द तुला उद्देशून मी कुठेही लिहिला नाही. मास्तर, राग मानू नका, पण तो तिला तुमच्या आवाजात ऐकू यायला नको होता.

मागच्या दाराने जाऊ नकोस. मी पुढच्या दारात उभी राहीन, सामान खाली ठेवीन आणि एकदाच हाक मारीन. भीती वाटत असेल तर कापूस घाल. पण काकू, उजवा कान मोकळा ठेव.

किट-लान